खाड्यांचा हिशेब

आमच्या बैठकीच्या खोलीतील भिंतीवर गेला महिनाभर कोकण किनाऱ्याचा एक नकाशा लटकत आहे. चार मोठे कागद एकाखाली एक चिकटवून तो तयार केलेला असल्यामुळे त्याची लांबी इतकी झाली आहे की, रेवस बंदर छताशी गेले आहे आणि रेडी जमिनीस टेकली आहे. रत्नागिरी नेमकी कोचाच्या पाठीमागे दडते. ती पाहावयाची असली म्हणजे बसलेल्या पाहुण्यांना उठवावे लागते. घरी येणारा प्रत्येक जण आधी नकाशाकडे पाहतो आणि मग विचारतो, “काय, कोकणात जमीन घेताय की काय?” “नाही, मोटारसायकलवरून जाणार आहोत, मुंबईपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत, समुद्राच्या कडेकडेने,” असे मी सांगितले, की तो माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहतो आणि चहाचा पेला हातात तसाच धरून राहतो.

हा बेत मुळात माझ्या मुलीचा. लहानपणी ती पेट्रोलच्या टाकीवर माझ्यापुढे बसून शाळेत जात असे. आता ती नोकरी करते. “रजा साठली आहे, बाबा, एकदा सगळा किनारा पाहून येऊ,” असे ती दिवाळीत म्हणाली आणि मी क्षणाचाही विलंब न लावता हो म्हणालो. वाहन माझे आहे. पंचवीस वर्षे ते माझ्याजवळ आहे आणि आम्ही दोघे जवळजवळ सारख्याच वेगाने म्हातारे होत आहोत. माझी आई त्याला अजून ‘फटफटी’ म्हणते. आणि खरे सांगावयाचे तर, त्या यंत्राच्या आवाजाला याहून नेमके नाव मला सुचत नाही.

पहिल्याच संध्याकाळी मुलीने एक कोरी वही काढली. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरांचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे तिने शाळेत पाठ केलेले होते. रोज १२० किलोमीटर गेले, की सहा दिवसांत किनारा संपला! तिने लगेच वहीत सहा रकाने आखले आणि पहिल्या रकान्यातील पहिली ओळ मोठ्याने वाचूनही दाखवली : “सकाळी भाऊच्या धक्क्यावरून मोटारसायकल बोटीत चढवणे, मांडव्याला उतरणे.” कोपऱ्यात माझी आई तांदूळ निवडीत बसली होती. तिने सूप खाली ठेवले आणि ती उठून आत गेली. मुलीच्या ते ध्यानात आले नाही. माझ्या आले, पण मी काही बोललो नाही.

मुलीचा भागाकार बरोबर होता. मात्र ज्या ७२० किलोमीटरांना तिने सहाने भागले होते, त्यांवरून कोणतेही चाक धावू शकत नव्हते. मी नकाशावर बोट ठेवून म्हटले, “किलोमीटर राहू देत. तू आधी नद्या मोज.”

ती वरून खाली मोजू लागली. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, कर्ली, तेरेखोल. मधल्या लहानसहान प्रवाहांची नावे तर नकाशात लिहिलेलीही नव्हती. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधली पट्टी सरासरी पन्नासेक किलोमीटरांची. त्यामुळे कोकणातील नदी डोंगरावरून उतरते न उतरते, तोच तिला समुद्र भेटावयास येतो. भरतीचे पाणी तिच्या पात्रात कोसच्या कोस आत शिरते, तीच खाडी. आणि दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे उंच, सपाट सडे असतात. वाटसरूच्या दृष्टीने या रचनेचा अर्थ फार सरळ आहे. आपण सड्यावरून निघतो. दोन्ही बाजूंना कातळ, वाळलेले गवत आणि दूर उजव्या हाताला समुद्राची निळी रेघ. मग रस्ता एकाएकी खाली झुकतो. आंब्या-फणसांची दाटी लागते, माडा-पोफळींच्या वाड्या लागतात, गाव लागते आणि गावाच्या टोकाला पाणी येते. पाणी ओलांडले, की पुन्हा तसाच चढ, तसाच सडा, तशीच ती निळी रेघ. किनाऱ्याच्या या रस्त्याने सरळ जाता येत नाही. लाटेसारखे वरखाली होतच जावे लागते.

जेथे पूल आहेत, तेथे प्रश्न नाही. पण चार मोठ्या ठिकाणी आम्हांला फेरीबोटीची वाट पाहावी लागणार होती : राजापुरीच्या खाडीवर आगरदांड्याहून दिघीला, सावित्रीच्या मुखाशी बागमांडल्याहून वेसवीला, वाशिष्ठीवर दाभोळहून धोपाव्याला आणि शास्त्रीवर तवसाळहून जयगडला. सपाट तळाच्या या बोटीला तिकडचे लोक ‘जंगल जेटी’ म्हणतात. जंगलाशी मात्र तिचे काही नाते नाही. तिच्यावर एस. टी. पासून शेळीपर्यंत सर्वांना जागा मिळते. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले, की पलीकडचे धोपावे हाकेच्या अंतरावर वाटते. पण बोट चुकली आणि रस्त्यानेच जायचे ठरवले, तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरांहून मोठा वळसा घालून त्याच धोपाव्याला यावे लागते. मुलीने ते अंतर दोऱ्याने मोजून पाहिले आणि मुकाट्याने आपले सहा रकाने खोडून टाकले.

मग आमचा नवा हिशेब सुरू झाला. दिवसाला इतके किलोमीटर असे न म्हणता, दिवसाला एक मोठी खाडी असे आम्ही धरले. वळणे, चढउतार, मधूनच रस्त्यावर आलेली वाळू आणि भर रस्त्यात रवंथ करणारी गुरे यांचा विचार करता तासाला तीस किलोमीटरांपेक्षा जास्त वेग धरू नये, असे मी सुचवले. मुलीला तो वेग बैलगाडीचा वाटला. शेवटी नऊ दिवस ठरले आणि परतीसाठी सड्यांच्या पूर्वेकडून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग. उत्तरेकडून दक्षिणेकडे जावे, की उलट, यावरही एक संध्याकाळ गेली. दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडे राहतो आणि आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो; म्हणजे समुद्र आणि आपण यांच्यामध्ये समोरून येणारी सगळी रहदारी येते. “मग गोव्याकडूनच सुरुवात करू,” असे मुलगी म्हणाली. तिचे म्हणणे सयुक्तिक होते. परंतु मला पहिल्या दिवशी आपल्याच घराच्या दारातून निघावयाचे होते, आणि शेवटी माझा हट्ट चालला.

रात्रीच्या मुक्कामांविषयी मी विशेष चिंता केली नाही. किनाऱ्यावरील बहुतेक गावांत आता घरगुती खाणावळी आणि राहण्याच्या खोल्या मिळतात. खरी अडचण निर्माण झाली ती भरती-ओहोटीने. मोटारसायकलस्वाराला भरतीशी काय करायचे आहे, असे तुम्हांला वाटेल. पण अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीच्या वेळी पायी गाठता येतो; भरती असली तर तो समुद्रात असतो. हेदवीची बामणघळ पाहावयाची, तर नेमके उलट. खडकाच्या त्या अरुंद चिरेत भरतीची लाट घुसून पाण्याचा स्तंभ वर उसळतो. ओहोटीला तेथे नुसती भेग दिसते. फेरीबोटीच्या उतरत्या धक्क्यावरही ओहोटीला शेवाळलेला, निसरडा भाग उघडा पडतो. सामानाने लादलेली दुचाकी त्यावरून खाली नेणे हे काही हसण्यावारी नेण्याचे काम नाही.

भरती दररोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. म्हणून नऊ दिवसांच्या नऊ वेळा काढणे भाग होते. मुलगी आपल्या फोनमध्ये त्या शोधू लागली. एवढ्यात आतून आई बाहेर आली. आमचा बेत सुरू झाल्यापासून ती त्या विषयावर एक शब्दही बोलली नव्हती. तिने विचारले, “आज तिथी कोणती?”

“अष्टमी,” मी दिनदर्शिका पाहून सांगितले.

“आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती.”

मुलीने फोनमध्ये पाहिले. थोड्याच मिनिटांचा फरक होता. तिने डोळे विस्फारले आणि आजीजवळ सरकून बसली. मग आजीने तिला तो हिशेब समजावून दिला. तिथीचा अंक घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. तितके वाजता पाणी भरते. चतुर्थीला तीन वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा, आणि त्या दिवशी पाण्याला उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी सुस्त असते, त्याला ‘भांग’ म्हणावयाचे. चंद्र रोज जेवढा उशिरा उगवतो, तेवढीच भरतीही मागे पडते. हे शास्त्र आजीला कोणी शिकवले नव्हते. अलिबागजवळ नागावला, समुद्राला लागून असलेल्या वाडीत ती लहानाची मोठी झाली. तेथे मुलांना पाढ्यांबरोबरच हा पाऊणकीचा पाढाही येत असे. त्या संध्याकाळी नऊ दिवसांच्या भरतीच्या वेळा आजीने तोंडी सांगितल्या आणि नातीने लिहून घेतल्या. मी फक्त पेन्सिलीला टोक करून दिले.

एकीकडे फटफटीचीही डागडुजी चालली होती. तिची साखळी सैल झाली होती, ती ताणून घेतली. मागचा टायर गुळगुळीत झाला होता, तो बदलला. क्लचची एक नवी तार जुन्या तारेला समांतर बांधून ठेवली. म्हणजे रस्त्यात जुनी तुटलीच, तर टाकी न उतरवता नुसती टोके जोडली की काम भागते. ही युक्ती मला एका वृद्ध मेस्त्रीने शिकवली होती, आणि तिने मला दोनदा अंधारातून घरी आणले आहे. पंक्चर काढण्याचे सामान, एक स्पार्क प्लग, थोडी दोरी. तालुक्याचे गाव लागले, की टाकी भरून घ्यावयाची, मग ती अर्धी असो वा पाऊण. कारण किनाऱ्याच्या रस्त्यावर पेट्रोल आपल्या सोयीने मिळत नाही. सामानाविषयी माझा नियम कडक आहे. जड वस्तू खाली आणि स्वाराच्या जवळ, हलक्या वर. मुलीने आणलेली पिशवी मी तीन वेळा परत पाठवली. चौथ्या वेळी तिने माझी पिशवी उघडली, तीतून चार जाडजूड पुस्तके काढली आणि काही न बोलता कपाटात ठेवली.

वाहन कोणी चालवावयाचे, हा प्रश्न मी बरेच दिवस टाळला होता. माझ्या मनात तो प्रश्नच नव्हता. मी चालवणार आणि ती मागे बसणार, हे मी गृहीत धरले होते. एका रात्री वहीत तिने प्रत्येक दिवसासमोर दोन अक्षरे लिहिलेली मी पाहिली : ‘बा’ आणि ‘मी’. सकाळी ‘बा’, दुपारनंतर ‘मी’. दाभोळच्या आणि जयगडच्या उतारांवर दोन्ही ठिकाणी ‘मी’. मला जरा राग आला. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मला समोरचे नीट दिसत नाही, हे मी घरात कोणाला सांगितले नव्हते. तिला ते कसे कळले, हे मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मी वहीत फक्त एक दुरुस्ती केली : श्रीवर्धनजवळच्या किनाऱ्यावरील रस्ता तिने दुपारी घातला होता, तो सकाळी आणला. दिवेआगरहून आरावीमार्गे श्रीवर्धनला जाणारा तो रस्ता लाटांच्या इतका जवळून जातो की, त्याचा वाटा मला सोडवेना.

काय पाहावयाचे आणि काय गाळावयाचे, यावरही आमचे खटके उडाले. नकाशावर गावे पुष्कळ आणि दिवस थोडे. मला हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहावयाचा होता. होड्या किनाऱ्यापासून दूर उभ्या राहतात, मासळी लहान होड्यांतून वाळूवर येते, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. मुलीला जंजिरा पाहावयाचा होता. तो तर कोणी गाळूच शकत नाही. मी विजयदुर्गसाठी अर्धा दिवस मागितला, तिने मालवणसाठी एक पूर्ण दिवस मागितला. शिरोडे मात्र दोघांनीही एकमताने ठेवले. १९३० मध्ये तेथे मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात तेथल्या शाळेत शिक्षक होते. मला ती शाळा पाहावयाची आहे, तिला मिठागरे. देवगडच्या वाटेवरील दोन-तीन गावे अशीच, केवळ नाव गोड वाटते म्हणून वहीत राहिली आहेत. ती कदाचित मागे पडतील, कदाचित तेथेच आमचा सगळा दिवस जाईल.

या चार फेरीबोटींचे दिवसही आता मोजलेलेच आहेत. बॅ. अ. र. अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कल्पना त्यांच्या काळातली. ती इतकी वर्षे तुकड्यातुकड्यांनी साकार होत राहिली आणि आता उरलेल्या खाड्यांवर पूल बांधण्याची कामे हाती घेण्यात आली आहेत. ते झाले, की आमचा हा खाड्यांचा हिशेब कोणाच्या उपयोगाचा राहणार नाही. मला त्याची थोडी हुरहुर वाटते, हे खोटे कशाला बोलू? पण मी नऊ दिवसांचा पाहुणा. ज्याच्या घरात रात्री कोणी अत्यवस्थ होते आणि शेवटची बोट संध्याकाळीच निघून गेलेली असते, त्याच्यासमोर उभे राहून फेरीबोटीचे सौंदर्य वर्णन करण्याची माझी छाती होणार नाही. पूल व्हावेत. त्याआधी एकदा जाऊन यावे, एवढेच.

अशा रीतीने दुसऱ्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सारा बेत पक्का झाला. पहिली ओळ तेवढी तशीच राहिली होती.

मुलीला तीत अडचण अशी काही दिसतच नव्हती. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला वाहने नेणारी मोठी बोट २०२० मध्ये सुरू झाली. तासाभरात ती पलीकडे नेऊन सोडते. रस्त्याने अलिबागला जावयाचे, तर पनवेल, पेण, वडखळ असे शंभर किलोमीटर आणि मालमोटारींची गर्दी. पण आमच्या घराचा एक अलिखित नियम आहे. पाऊणशेहून अधिक वर्षे आमच्यापैकी कोणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसलेले नाही. आजोळी जाताना आम्ही नेहमी एस. टी. ने गेलो. मी लहानपणी कारण विचारले, तेव्हा “बोट लागते” एवढेच उत्तर मिळाले. खरे कारण मला पुढे मामांनी सांगितले, आणि मी ते मुलीला कधी सांगितले नव्हते.

एका रविवारी मुलगी आजीला त्या बोटीची चित्रे दाखवीत होती. मोटारी कोठे ठेवतात, माणसे कोठे बसतात, हे सांगत होती. आई शांतपणे पाहत होती. सर्व चित्रे पाहून झाल्यावर तिने विचारले, “या बोटीवर बिनतारी आहे का?”

मुलगी हसली. “आजी, आता प्रत्येकाच्या खिशात बिनतारी असते!”

आई हसली नाही. मुलीने माझ्याकडे पाहिले. मग मला सांगावेच लागले.

१७ जुलै १९४७. आषाढ अमावास्येचा दिवस. ‘रामदास’ नावाची बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणासाठी गावी जाणारी माणसे तीत खच्चून भरलेली होती. वाटेत वादळी पावसाने गाठले, आणि काशाच्या खडकाजवळ ती कलंडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. त्यामुळे बातमी मुंबईला कळावयास कित्येक तास लागले. त्या बोटीत आईचे थोरले काका होते. ते मुंबईत गिरणीत कामाला होते. आई तेव्हा सहा वर्षांची होती. काकांनी तिला लहान मुलांची छत्री आणण्याचे कबूल केले होते. ती अंगणात मोठ्या माणसांच्या पायांत लुडबुडत, छत्रीविषयी विचारत राहिली होती, असे मामा सांगत.

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वही ओढली आणि पहिली ओळ खोडण्यासाठी पेन्सिल उचलली. “आपण पनवेलवरून जाऊ, बाबा. तासाभराचा तर फरक आहे,” ती म्हणाली. फरक तासाभराहून बराच मोठा होता, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते.

आईने तिचा हात धरला. “थांब. मला विचारले त्याचे उत्तर दे आधी. बिनतारी आहे का?”

“आहे, आजी. बोटीचे स्वतःचे असते. किनाऱ्याशी सतत बोलता येते. प्रत्येकासाठी तरंगणारी जाकिटे असतात. आणि माणसे मोजून घेतात.”

“मोजून घेतात?”

“तिकिटे मोजूनच देतात. जागा संपली, की तिकीट नाही.”

आईने मान हलवली. त्यानंतर तिने तिथी विचारली. आमचा निघण्याचा दिवस मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीचा होता. “सहाची पाऊणपट साडेचार,” ती स्वतःशीच पुटपुटली. “म्हणजे सकाळी साडेदहाच्या सुमारास ओहोटी. पाणी थंड असेल. चांगले आहे.” आणि ती उठून देवघरात गेली. ती परवानगी होती, की केवळ पाण्याविषयीचे मत होते, हे आम्हां दोघांनाही ठरवता येईना. मुलीने ओळ खोडली नाही. पण तिच्यापुढे एक लहानसे प्रश्नचिन्ह काढून ठेवले.

त्यानंतर चार दिवस गेले. आईने स्वतः दूरध्वनी करून नागावला माझ्या मामेभावाशी काही बोलणे केल्याचे मला दुसऱ्या खोलीतून ऐकू आले. पाचव्या दिवशी मी अंगणात गाडीचे दिवे तपासत होतो आणि मुलगी हेल्मेटच्या काचा पुसत होती. आई दाराशी येऊन उभी राहिली.

“तुझा मामेभाऊ मोटार घेऊन मांडव्याला येणार आहे,” ती म्हणाली.

“कशासाठी? आम्ही तर फटफटीवरून पुढे जाणार.”

“तुमच्यासाठी नाही. त्या बोटीत फटफटीशिवाय नुसत्या बसणाऱ्या माणसांनाही घेतात ना? मी मांडव्यापर्यंत येते. तेथून नागावला जाईन आणि तुम्ही परत येईपर्यंत राहीन. वाडी पाहून बरीच वर्षे झाली.”

मुलीच्या हातातील फडके तसेच राहिले. मी पान्हा खाली ठेवला. काय बोलावे, ते मला सुचेना, तेव्हा मी विचारले, “परत येताना?”

“परत येतानाचे परत येताना पाहू,” आई म्हणाली. “एक नारळ लागेल. पाण्यात सोडायचा आहे, तो बोटीवरून सोडू देतात का, तेवढे विचारून ठेव.”

मुलगी धावत आत गेली आणि वही घेऊन आली. पहिल्या ओळीपुढचे प्रश्नचिन्ह तिने खोडरबराने पुसून टाकले आणि खाली लिहिले : आजी, भाऊचा धक्का ते मांडवा. नारळ १.

“आणि हे बघ,” आई तिला म्हणाली, “म्हाताऱ्या माणसांना तिकिटात काही सवलत आहे का, तेही विचार.”